तक्रार पत्र: कायदा सल्ला योजनेत दिलेल्या चुकीच्या मुदती आणि सदोष नमुने

दिनांक: 18 ऑगस्ट
प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
लघुउद्योजक कायदा सल्ला वार्षिक योजना

विषय: चेक बाउन्सची नोटीस, उद्यम नोंदणी आणि पुरवठा करारनामा यांत दिलेला चुकीचा सल्ला, शुल्क परतावा आणि नमुन्यांची दुरुस्ती

महोदय,

आपल्या योजनेचे 8,850 रुपये (7,500 अधिक जीएसटी) आणि उद्यम नोंदणीचे (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) वेगळे 1,999 रुपये आम्ही भरले. इंदूरच्या सांवेर रोडवर आमचा पुठ्ठ्याचे बॉक्स तयार करण्याचा कारखाना आहे. माल नमकीनवाल्यांना जातो आणि सगळा उधारीवर जातो, म्हणून वसुलीचा सल्ला हाच योजना घेण्याचा हेतू होता. नेमका तोच चुकला.

सर्वांत गंभीर बाब चेकची. 28 मेचा 1,86,000 रुपयांचा चेक न वटता परत आला आणि रिटर्न मेमो (चेक परत केल्याची बँकेची चिठ्ठी) 4 जूनला हातात पडला. 6 जूनच्या चॅटमध्ये आपल्या सल्लागाराने लिहिले, "महिनाभर सामोपचाराने मागा, मग नोटीस काढू." निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 प्रमाणे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी निघावीच लागते, म्हणजे शेवटचा दिवस 4 जुलै. आपली नोटीस 11 जुलैला पोस्टात पडली. न्यायालयात तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सवलत नाही. सल्ला विकणाऱ्याला हा फरक ठाऊक नसावा, हे आम्हाला पटत नाही.

ती नोटीस वेळेत गेली असती तरी टिकली नसती. तिच्यात चेकची रक्कम कुठेच वेगळी नाही. जुनी थकबाकी, व्याज आणि नोटीस खर्च एकत्र करून सरसकट 4,12,500 रुपये मागितले आहेत. कलम 138 ची मागणी चेकच्या रकमेची असते. बाकीचे मागायचे तर वेगळ्या ओळीत, वेगळ्या आकड्यात मागावे लागते, नाहीतर नोटीसच अवैध ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे.

हक्क वाचला तो चेकची 3 महिन्यांची मुदत शिल्लक होती म्हणून. 21 जुलैला चेक पुन्हा बँकेत लावला, 23 जुलैला नवा मेमो घेतला आणि 28 जुलैला स्थानिक वकिलांकडून फक्त 1,86,000 रुपयांची नोटीस पाठवली. मुदतीत चेक पुन्हा लावून नव्या मेमोवरून नोटीस देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच स्पष्ट केले आहे. आपल्या चॅटमध्ये मात्र 14 जुलैला "आता काही करता येणार नाही" असे उत्तर आले. ते ऐकून बसलो असतो तर ऑगस्टअखेर हाही मार्ग बंद झाला असता.

दुसरी चूक उद्यम नोंदणीची. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी विनाशुल्क आहे, हे आपल्या जाहिरातीत कुठेच नाही. पैशांपेक्षा मोठे नुकसान व्यवसायाचा प्रकार सांगणाऱ्या कोडचे. आम्ही उत्पादक असताना आपण 46 ने सुरू होणारा घाऊक व्यापाराचा कोड भरला. कागद व कागदी वस्तूंच्या उत्पादनाचा कोड 17 ने सुरू होतो. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण लाभ फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता. उशिरा आलेल्या पैशांसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा 2006 खाली, थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाण्याचा हक्क व्यापाऱ्याला नाही. एका चुकीच्या कोडमुळे उत्पादकाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार जाते. शिवाय "वाद झाल्यावर नोंदणी केली तरी चालते" हे आपले लेखी उत्तर 2021 आणि 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या विरुद्ध आहे. त्या निकालांप्रमाणे नोंदणीआधी गेलेल्या मालाला मागाहून केलेल्या नोंदणीचा लाभ मिळत नाही.

तिसरी चूक करारनाम्याची. आपल्या नमुन्यात "बिलापासून 90 दिवसांत रक्कम" असे कलम आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादाराच्या बाबतीत कराराने ठरवलेली मुदतही 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. हे दिवस बिलापासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल पोहोचल्यावर 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस. म्हणून डिलिव्हरी चलनावर घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख लागते. आपल्या चलनाच्या नमुन्यात तारखेचा रकानाच नाही! व्याजही आपण "वार्षिक 12 टक्के, सरळ" लिहिले आहे. कायदा रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देतो. स्वतःच्या करारात कमी व्याज लिहून द्यायचे आणि मग वसुलीच्या वेळी खरेदीदाराच्या वकिलाशी त्यावर वाद घालत बसायचे, हा कसला सल्ला?

3 लाखांवरच्या व्यापारी दाव्याबद्दलही "सरळ दावा ठोका" असे उत्तर मिळाले. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12-ए प्रमाणे आधी मध्यस्थीसाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. तो टाळला तर दावा दारातच फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही, म्हणजे घाई करण्याचे कारणही नव्हते.

11 जुलैच्या नोटिशीखाली फक्त "लीगल टीम" असे छापले आहे. अशी नोटीस चेक घेणारा स्वतःही देऊ शकतो, त्याला वकील लागतोच असे नाही. पण आपण "अनुभवी वकिलांकडून" म्हणून पैसे घेतले आहेत, आणि वकिली अधिवक्ता कायदा 1961 खाली नोंदलेल्या व्यक्तीनेच करायची असते. तेव्हा मसुदा कोणी केला, त्यांचे नाव आणि सनद क्रमांक कळवावा.

योजनेचे 8,850 आणि नोंदणीचे 1,999, असे 10,849 रुपये परत करावेत. उद्यम नोंदणीतील कोडची दुरुस्ती आम्ही स्वतः करत आहोत, त्यात आता आपण हात घालू नये. नोटीस, करारनामा आणि चलन हे तिन्ही नमुने दुरुस्त करून ज्यांना ज्यांना दिले त्या सर्व ग्राहकांना लेखी कळवावे. पोलोग्राउंड आणि सांवेर रोडवरच्या आणखी तीन कारखानदारांकडे आम्ही तेच 90 दिवसांचे कलम पाहिले आहे. त्यांच्यातल्या कोणाच्या मेमोचे 30 दिवस आजही चालू असतील, म्हणून हे काम परताव्याच्याही आधी व्हावे.

आमची 15 जुलैची तक्रार संगणकीय पोच देऊन तिसऱ्या दिवशी "निकाली" दाखवली गेली. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तो महिना उलटला आहे. या पत्राला 15 दिवसांत माणसाने लिहिलेले, मुद्देनिहाय उत्तर आले नाही, तर करार कायदा 1872 च्या कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाईची कारवाई इंदूरच्या न्यायालयात सुरू करू.

सोबत: दोन्ही रिटर्न मेमो, 11 आणि 28 जुलैच्या नोटिसा, 6 जून व 14 जुलैच्या चॅटच्या प्रती, उद्यम प्रमाणपत्र, करारनामा व चलनाचे नमुने, शुल्काच्या पावत्या.

आपले,
प्रोप्रायटर व हिशेबनीस
पुठ्ठा बॉक्स उत्पादक, सांवेर रोड औद्योगिक क्षेत्र, इंदूर