टाळवाल्या मावशींना

मागच्या रविवारी लष्कर भागातल्या आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या गाण्यांचा सराव होता. पेटी वाजवणारे आजारी, मोबाईलवरची चाल मुलांना झेपेना, २२ पोरांचा नुसता गोंधळ. मी फळ्यावर चार कडवी लिहून हताश उभी. (पाठांतरावर माझा फार भरवसा, तो तिथंच संपला.)

मागच्या बाकावरच्या एक अनोळखी मावशी उठल्या. बोलण्यावरून नगरकडच्या असाव्यात. "ताई, आधी फळा पुसा बरं." ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भजनं अभंगाच्या वळणावर लिहिली, मग टाळ नकोत का, असं म्हणत त्यांनी पिशवीतून टाळ काढले. एक ओळ म्हणायच्या, दुसऱ्यांदा शेवटचा शब्द गिळायच्या. मुलं तो ओरडून भरायची. मग दोन शब्द, मग अर्धी ओळ. धृपद पाठ!

कोपऱ्यात एक अडखळत बोलणारी चिमुरडी होती. तिला त्यांनी गायला लावलं नाही. टाळाची दोरी तिच्या बोटांभोवती गुंडाळली. "ठेका तुझा, आम्ही तुझ्यामागं." तिसऱ्या फेरीत तिचे ओठ हलू लागले.

नाव विचारायच्या आत त्या बस पकडायला निघून गेल्या. मावशी, मनापासून आभार. टाळ इथंच राहिलेत, न्यायला या. पोरं वाट बघतायत.