रविवारी फोन का उचलला नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

रविवारी तुमचे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. आईचा राग एव्हाना उतरला असेल असं धरून लिहितेय. फोनवर सांगायला घेतलं असतं तर बाबांनी मध्येच "पण कार्ड म्हणजे नक्की काय?" असं विचारलं असतं आणि आईने कंटाळून फोन ठेवला असता. म्हणून हे पत्र.

ऑफिसात एक सर्व्हर आहे. सगळ्यांच्या फायली त्याच्यावर, हिशेबही त्याच्यावर. बाकीच्या कॉम्प्युटरांशी तो बोलतो ते तळहाताएवढ्या एका नेटवर्क कार्डातून. ते कार्ड तीन आठवडे आजारी होतं. एकदाचं मेलं असतं तर त्याच दिवशी बदलून मोकळी झाले असते. ते धड मरत नव्हतं, हाच ताप. सकाळी ठणठणीत, दुपारी साधी फाईल उघडायला मिनिटभर. कुणी तक्रार घेऊन आलं की मी उठून जाईपर्यंत सगळं सुरळीत. डॉक्टरच्या दारात पोचलं की दाढ दुखायची थांबते ना, तसं.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे तो स्वतःच लिहीत असतो त्या नोंदवहीत, मात्र खुणा होत्या: लिंक गेली, काही सेकंदांनी आली, पण १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे वेग असा उतरला की पहिला संशय केबलवर जातो, माझाही गेला. केबल बदलली. मग स्विचचं, म्हणजे सगळ्यांच्या केबल जिथे जोडतात त्या डब्याचं, पोर्ट बदललं. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. कार्ड मोजत असलेल्या चुकांचा आकडा वाढतच राहिला. खरं तर दुसऱ्या केबलनंतरच मला कळायला हवं होतं, पण कार्ड काढायचं म्हणजे सर्व्हर बंद करायचा, आणि तो बंद करू द्यायला कुणी राजी नसतं.

बाबा, या चुकांची गंमत अशी. नेटवर्कवरून माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ३२ बिटांचा एक पडताळा असतो. कार्ड स्वतः गणित करून बघतं. जुळलं नाही तर तुकडा मुकाट्याने फेकून देतं, कुणालाही न सांगता. पलीकडच्याला पोच मिळाली नाही की तो तेच पुन्हा पाठवतो. तुम्ही फोनवर "काय म्हणालीस?" विचारता आणि मी तेच पुन्हा सांगते, तसंच, फरक एवढाच की तुम्ही निदान विचारता तरी. बोलणं पूर्ण होतं, पण वेळ दुप्पट जातो. म्हणून पडद्यावर एरर कुणालाच दिसत नाही, सगळे फक्त म्हणतात, "आज सर्व्हर स्लो आहे." (कानाच्या डॉक्टरांकडे जायचं राहिलंय. मी विसरलेली नाही.)

तर रविवारी गेले. सर्व्हर बंद केला, पॉवरची वायर काढली, उरलासुरला करंट जावा म्हणून बटण दाबून धरलं, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. कार्ड एकाच स्क्रूने बसवलेलं असतं. तो स्क्रू निघाला आणि हातातून सुटून आत पडला. धातूचा तुकडा मदरबोर्डवर सोडून मशीन चालू केलं तर शॉर्ट व्हायचं, म्हणजे शोधण्यावाचून इलाज नव्हता. टॉर्च मारला, वाकून बघितलं, दिसेना. शेवटी अख्खं मशीन आडवं करून हळूच हलवलं, तेव्हा पंख्याखालून खुळखुळ ऐकू आलं. आईचा पहिला फोन तेव्हाचा.

जुन्या कार्डावर जळल्याची खूण नाही, काही नाही. त्याचे सोनेरी दात खोडरबरने घासून बघितले का, असं बाबा विचारणारच. मोह झाला होता. पण मग दोन दिवस बरं चालतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लॉगसमोर बसावं लागतं.

नवं कार्ड बसवलं, हिरवा दिवा लागला, आणि सर्व्हर कुणालाच सापडेना! चूक माझीच. मी शेजारचा स्लॉट मोकळा आहे म्हणून कार्ड तिथे बसवलं होतं. सर्व्हर ज्या लिनक्स सिस्टीमवर चालतो तिच्यात स्लॉट बदलला की कार्डाचं नावही बदलतं, आणि सेटिंग जुन्याच नावाला हाका मारत बसलं होतं. ते दुरुस्त केलं तर सर्व्हरला भलताच पत्ता मिळाला, कारण राउटरमध्ये त्याचा नेहमीचा पत्ता जुन्या कार्डाच्या मॅक अॅड्रेसवर राखून ठेवलेला होता. प्रत्येक कार्डाचा तो ४८ बिटांचा आकडा वेगळा असतो. हे सगळं नेटवर्कवरून करता येईना, म्हणून दुसऱ्या टेबलावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून आणले. तुमचे उरलेले तीन फोन या धावपळीतले.

शेवटी तासभर मोठ्या फायली कॉपी करत ठेवल्या. चुकांचा आकडा शून्यावर होता, शून्यावरच राहिला. सोमवारी कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला काही जाणवलंच नाही.

जुन्या कार्डावर मार्करने मोठ्ठं 'खराब' लिहिलंय, नाहीतर कुणीतरी ते ड्रॉवरमधून काढून दुसऱ्या मशीनला लावेल. मग वाटलं, ड्रॉवरही नको. माझ्या बॅगेत टाकलंय. बाबा, येताना घेऊन येते, मग खुशाल उघडून बघा.

तुमची,
लेक