पद्मिनी, जिप्सीचं इंजिन आणि पाण्याची गोष्ट

कोल्हापूर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो पोचले. तुझ्या जुन्या पद्मिनी गाडीत मारुती जिप्सीचं इंजिन, गिअरबॉक्ससकट! आधी तुला दोन शिव्या घातल्या, मग हेवा वाटला. पण ‘मोठा रेडिएटर टाकला की कटकट मिटली’ हे तुझं म्हणणं काही पटलं नाही, म्हणून हे लांबण.

हिशेब बघ. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. जिप्सी किंगचं १२९८ सीसी, ८० अश्वशक्ती. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्यातून बाहेर काढावा लागतो. पूर्ण जोर लावलास की जुन्या जाळीवर जवळपास दुप्पट ओझं. तेव्हा कोअर, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या नळ्यांच्या रांगांची ती जाळी, वाढवायलाच हवा. जुन्या टाक्या ठेवून तीन रांगांचा तांब्याचा भरून घे. तुमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने जुन्या पट्ट्या तशाही खाल्ल्या असतील. पण जाळीतून वारा ओढलाच गेला नाही, किंवा ओढलेला बॉनेटखाली कोंडला, तर चार रांगा घातल्यास तरी तापमानाचा काटा चढणार. उलट कोअर जितका जाड, तितका पंख्याचा घाम निघतो.

इंजिनचा पंखा आणि जाळी यांत बोटभर जागा उरली म्हणतोस, तर तो पंखा काढ आणि इलेक्ट्रिक बसव. अल्टरनेटर इंजिनसोबत आलाच आहे, करंटची चिंता नाही. फक्त रिले आणि फ्यूज लाव, आणि चालू-बंद थर्मोस्विचवर सोड, पाणी तापलं की तो आपोआप पंखा लावतो. डॅशबोर्डवर बटण देऊ नकोस, गप्पांच्या नादात तू विसरशील. मागून ओढणारा पंखा कधीही सरस, जागाच नसेल तर पुढून ढकलणारा. ओढणाऱ्याला पत्र्याचं आवरण हवंच, नाहीतर तो आपल्या गोलापुरताच वारा ओढतो. पंखा चालू करून जाळीच्या पुढून वर्तमानपत्राचा कपटा कोपऱ्याकोपऱ्यात धरून बघ. चिकटला तर ठीक. गळून पडला तर तेवढी जाळी फुकट.

आता झाकण. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, हा मोठाच आधार. पण पद्मिनीच्या जुन्या टाकीच्या जोडांना मारलेले डाग तो दाब सोसतील का? गाडीत चढवण्याआधी रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्ट करून घे. रेडिएटरचं तोंड इंजिनच्या माथ्यापेक्षा खाली राहत असेल तर हवा वर अडकून बसते. मग फायरवॉलपाशी (इंजिन आणि डॅशबोर्डमधला पत्रा) सगळ्यांत उंच जागी वेगळी टाकी दे आणि झाकण तिच्यावर घे. गाडीत हीटर नाही म्हणून इंजिनवरची त्याची दोन तोंडं बूच मारून बंद करू नकोस, एका होजने एकमेकांना जोड.

तुझा मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकेल, ही त्या मंडळींची जुनी खोड. त्याला हात लावू देऊ नकोस. हे एमपीएफआय इंजिन आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पाणी गार राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून तापायचंय, आणि तो पेट्रोल ओततच राहतो. कॉम्प्युटरचा सेन्सर त्याच्याकडेच ठेव, जुन्या काट्यासाठी वेगळा बसव. हेड अॅल्युमिनियमचं आहे, तेव्हा विहिरीचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं.

एवढं करूनही तापली तर कधी तापते ते बघ. बाजारात उभी असताना तापली तर दोष पंख्याचा किंवा वाऱ्याचा. हायवेवर वेगात तापली तर कोअर अपुरा किंवा तुंबलेला. घाटात मात्र दोन्हींची परीक्षा एकदम होते, कारण वेग कमी आणि पाय पूर्ण दाबलेला.

आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घे, ते टाळू नकोस.

मग ये इकडे. साखरप्याला चहाला थांब, पाणी बघ (झाकण गरम असताना उघडू नकोस), आणि अंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढव. वर आलास की काटा कुठे होता ते फोनवर सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या