आखाजीच्या आधी मदत हवीय, पैशाची आणि कानांचीही

नमस्कार मंडळी,

आपला जळगावचा कवीकट्टा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी भरतो तो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये, काही जण येऊनही गेलेत. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की सतरंजी टाकून पंचवीस-तीस माणसं बसतात, प्रत्येकाने जास्तीत जास्त दोन कविता म्हणायच्या, मधे चहा, आणि शेवटी कुणाला एखाद्या कवितेवर बोलायचं असेल तर बोलायचं. शिक्षक आहेत, कॉलेजची पोरं आहेत, एक एसटीत नोकरी केलेले काका आहेत, कापूस-केळी करणारे शेतकरी आहेत. आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, चहाचे पैसे पण आपापसात काढले. आज पहिल्यांदा मागतोय, गावोगावच्या म्हाताऱ्या बायांना येणारी गाणी आणि ओव्या उतरवून घ्यायच्या कामासाठी, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, शेवटपर्यंत वाचा.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कट्ट्यावर येणारा कॉलेजचा एक पोरगा आहे, यावलकडच्या गावातला. तो एकदा त्याच्या आजीला घेऊन आला. तिला दवाखान्यात दाखवायला जळगावला आणलं होतं आणि परत जायची गाडी उशिराची होती, म्हणून घेऊन आला बिचारा. आजी भिंतीला टेकून बसली, सगळ्यांचं ऐकलं, आणि कुणीतरी कापसावरची कविता म्हटल्यावर हळूच म्हणाली की असं तर आम्ही वेचणीला जायचो तेव्हा म्हणायचो. सगळे म्हणाले आजी म्हणा ना. ती लाजली, तोंडाला पदर लावला, मग म्हणायला लागली. एकामागून एक. जवळजवळ अर्धा तास. आम्ही सगळे नुसते बघत बसलो हो, कुणाला लिहायचं पण सुचलं नाही. शेवटी शेवटी मी मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं आणि तेवढ्यात मला फोन आला आणि रेकॉर्डिंग बंद पडलं.

माझ्या मोबाईलमध्ये आज आहे ती एकच ओळ, "कापूस येचता येचता पदर झाला जड", आणि पुढे रिंगटोन.

ठरवलं होतं की संक्रांतीनंतर गावी जायचं, निवांत बसून सगळं उतरवून घ्यायचं. संक्रांतीच्या आधीच आजी गेली. आम्ही तरी गेलो भेटायला. सुनेला विचारलं, शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांना विचारलं, पुढची ओळ कुणालाच येत नव्हती. सून म्हणाली आत्याबाई म्हणायच्या ते ऐकलंय, पण लक्षात ठेवायचं असतं हे कुणी सांगितलं नाही. मला ते वाक्य अजून झोपू देत नाही.

आणि हे होतंय कुठे, तर जळगावात. बहिणाबाईंच्या जळगावात. असोदा इथून किती लांब आहे सांगा, गाडीवर बसलं की पोचलो. १८८० साली तिथे जन्मलेली, जुन्या जळगावात चौधरी वाड्यात नांदलेली, अक्षरओळख नसलेली बाई शेतात आणि घरात काम करता करता गाणी म्हणायची. ती आज आपल्याकडे आहेत याला कारण दोन माणसं, तिचा मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी, यांनी ती ऐकता ऐकता लिहून ठेवली. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे म्हणाले हे बावनकशी सोनं आहे, आणि १९५२ ला पुस्तक आलं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्या दोघांनी वही केली नसती तर काय असतं, याचा विचार करा. आसपासच्या गावातल्या चार बायांना आठवलं असतं तेवढंच आणि त्या चौघी गेल्यावर तेही नाही.

मी असं अजिबात म्हणत नाहीये की प्रत्येक गावात एक बहिणाबाई बसलीये. तशी प्रतिभा विरळाच. पण प्रत्येक गावात जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, गौराईची गाणी, कानबाईची, लग्नात हळदीला म्हणायची, हे सगळं येणाऱ्या पाच-सात बाया अजून आहेत आणि त्यातल्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत. जातं घरातून गेलं आणि ओवीची जागाच गेली, मिक्सर आणि गिरणी आल्यावर पहाटे दळताना म्हणायचं कोण आणि कशाला. ज्यांना येतात त्यांनी पण कित्येक वर्षांत म्हटलेल्या नाहीत, पण हाताला खुंटा दिला ना की आपोआप यायला लागतात, हे आम्ही दोन ठिकाणी बघितलंय. एका घरात माळ्यावरून जातं खाली काढलं, पुसलं, मूठभर ज्वारी टाकली आणि आजीबाईंनी डोळे मिटून वीस-बावीस ओव्या म्हटल्या. खुर्चीत बसवून "म्हणा" म्हटल्यावर त्यांना दोनच आठवत होत्या.

हे काम होऊ शकतं याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर ओव्या जमल्या. मुळशी-मावळच्या बायांनी स्वतः फिरून दुसऱ्या बायांच्या ओव्या लिहून घेतल्या. आपल्याला लाख नकोत, आपल्या तालुक्यांतली बारा गावं आधी नीट करू, असं कट्ट्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

आता घाई का ते सांगतो. आखाजीला जेमतेम दीड महिना राहिलाय. खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील तर सांगतो, अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी, दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बहिणाबाईंचं सुद्धा आखाजीवर गाणं आहे. वर्षभरात हे चारपाच दिवसच असे असतात की लेक, आई, आजी आणि मावशी एका अंगणात असतात, एकीला विसरलं की दुसरी पुढची ओळ सांगते. आमच्या त्या आजीच्या वेळी हेच नव्हतं, ती एकटी होती. चौघीजणी एकत्र असताना जे मिळेल ते नंतर एकेकीकडे फिरून मिळणार नाही. म्हणून सगळी तयारी आखाजीच्या आधी हवी.

पैसे कशाला लागणार ते सरळ सांगतो. दोन चांगले रेकॉर्डर आणि पदराला लावायचे छोटे माईक, यांचे १४,००० होतायत. मोबाईलवर का नाही असं विचाराल तर वर सांगितलंच, शिवाय झोक्याजवळ वारा असतो, मागे पोरं ओरडत असतात, मोबाईल लांब धरला तर शब्द कळत नाही आणि जवळ धरला तर म्हातारी माणसं बुजतात. मेमरी कार्ड, सेल, वह्या-पेन याचे २,०००. बारा गावांना दोन-दोन फेऱ्या, मोटारसायकलच्या पेट्रोलला ५,०००. जमलेलं टाईप करून छोटी पुस्तिका काढायची, ३०० प्रती, त्याला १२,०००. आणि कट्टा जिथे भरायचा ती जागा आता आपल्याला मिळत नाहीये, नवीन जागेचं भाडं महिन्याला १,००० आहे, सहा महिन्यांचे ६,०००. सगळे मिळून ३९,०००. आपापसात ११,५०० जमलेत. राहिले २७,५००.

कुणी पन्नास रुपये दिले तरी चालतील, खरंच चालतील. एखाद्याने एका गावाच्या दोन फेऱ्यांचं पेट्रोल दिलं तर साधारण चारशे रुपयांत ते गाव होतं, असा पण हिशोब करू शकता. मंडळ अजून रजिस्टर नाही, त्यामुळे आयकरात सूट मिळेल अशी पावती देता येणार नाही, साधी पावती मिळेल. प्रत्येक कट्ट्यावर जमाखर्च वाचून दाखवू आणि वही समोर ठेवू, कुणीही चाळावी. पैसे देताना ज्या माणसाने तुम्हाला हे आवाहन दिलंय त्याच्याच हातात द्या किंवा कट्ट्यावर येऊन द्या, दुसऱ्या कुठल्याही अनोळखी नंबरवर कृपा करून पाठवू नका. आणि पैसे उरले तर पुस्तिकेच्या प्रती वाढवू, सत्कार-शाल-श्रीफळ यात एक रुपया जाणार नाही हा माझा शब्द.

पण पैशापेक्षा जास्त माणसं लागणारेत. बायका-मुली तर हव्यातच. आम्ही चार बाप्ये अंगणात जाऊन उभे राहिलो तर कोण गाणार आहे, हळदीची आणि सासू-नणंदेची गाणी तर नाहीच नाही. प्रत्येक गावाला निदान दोन ताई सोबत असाव्यात असं ठरलंय. मग लेवा बोली किंवा अहिराणी ज्यांच्या घरात बोलतात अशी माणसं. हे फार महत्वाचं आहे, कारण लिहून घेणारा शाळेत शिकलेला असतो आणि त्याचा हात आपोआप शब्द "सुधारतो". आजी म्हणते डोये, आपण लिहितो डोळे. ती म्हणते केयी, आपण केळी. येचता चं वेचता करून टाकतो. तसं केलं की यमक पण मोडतं आणि ती बाई पण त्यातून निघून जाते. म्हणून जसं ऐकलं तसंच लिहायचं, आणि लिहून झाल्यावर त्यांनाच परत वाचून दाखवायचं. वाचता येत नसलं तरी कान इतका पक्का असतो की एक मात्रा चुकली तरी लगेच हात वर करतात. मोबाईलवर देवनागरी भराभर टाईप करणारी पोरं-पोरी पण हव्यात, घरबसल्या करण्यासारखं काम आहे, एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्याकडे माळ्यावर किंवा गोठ्यात जातं पडलंय, त्यांनी ते आखाजीपुरतं खाली काढून ठेवलं तरी मोठी मदत आहे.

उन्हाचं पण बघायला लागेल. तेव्हा आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या घरात असतो, दुपारी कुणाला फिरवायचं नाही, सकाळी दहाच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. ज्यांची गाणी घेऊ त्यांना आधी नीट विचारायचं, नाव छापायचं की नाही तेही त्यांनाच विचारायचं, आणि पुस्तिका निघाली की पहिली प्रत त्यांच्या घरी द्यायची. ३०० मधल्या पहिल्या प्रती त्यांच्याच आहेत, विमोचनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या नाहीत.

आता कट्ट्याबद्दल एक, जे मला बरेच दिवस बोलायचं होतं. आपल्याकडे कवी येतात, ऐकणारे कमी येतात. आपली कविता झाली की निम्मे जण उठतात, शेवटच्या पोराची कविता आठ-दहा जणांसमोर होते. हे बरोबर नाही. १९०७ साली याच जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा त्र्यंबक ठोमरे तिथे आला, जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा. त्याची कविता लोकांनी ऐकली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला "बालकवी" म्हटलं, तेच नाव आयुष्यभर राहिलं. पुढे १९१८ मध्ये भादली स्टेशनवर तो गेला तेव्हा अठ्ठावीस पण पूर्ण नव्हता. मी भुसावळला जाताना भादली आलं की दरवेळी खिडकीतून बघतो. तर माझं म्हणणं एवढंच की त्या दिवशी कुणीतरी पोराचं म्हणणं बसून ऐकलं. तुम्ही कविता करत नसाल तर उलट आधी तुम्हीच या. काही म्हणावं लागणार नाही, फी नाही, नाव नोंदवायचं नाही, नुसतं शेवटपर्यंत बसायचं. मार्क देणारे, चुका काढणारे खूप आहेत, मांडी घालून ऐकणारे वीस जण मिळाले तर ही पोरं दर महिन्याला येतील.

ज्यांनी याआधी रुसून येणं बंद केलं, कुणाची कविता राहिली असेल, कुणाला बोललेलं लागलं असेल, त्यांना मंडळातर्फे मनापासून सांगतो की या. तुमच्याशिवाय बारा गावं होणार नाहीत.

पुण्या-मुंबईत, परदेशात असलेल्या आपल्या माणसांसाठी पण काम आहे. तुमची आई, आजी, मोठी माय, जे म्हणत असाल ते, गावी असेल तर आज रात्री फोन करा आणि लहानपणी ऐकलेलं एखादं गाणं विचारा. एकदम म्हणणार नाहीत, आता काय आठवतंय म्हणतील. तुम्हाला येते तेवढी ओळ तुम्हीच म्हणा, मग त्या पुढची म्हणतात. मिळेल ते जसंच्या तसं लिहून आमच्याकडे द्या, गावाचं नाव टाका. आणि आखाजीला येणार असाल तर आमच्या माणसांना अंगणात बसू द्याल का ते आत्ताच कळवा म्हणजे गावांची वाटणी करता येईल.

पुढचा कट्टा याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाला आहे. नवीन जागेचा पत्ता आपल्या ग्रुपवर टाकलाय, ज्यांना मिळाला नसेल त्यांनी कट्ट्यावर येणाऱ्या कुणालाही विचारा. त्या दिवशी गावांची यादी करायची, कोण कुणासोबत जाणार ते ठरवायचं, आणि रेकॉर्डर कसा चालवायचा ते सगळ्यांनी हाताळून बघायचं. घरात कुणी आजी असतील आणि येऊ शकत असतील तर त्यांना घेऊन या. खुर्चीची सोय करतो, घरी सोडायला रिक्षा पण बघतो. आणि ती कापसाची ओळ त्यांना विचारून बघा, पुढची कुणाला येत असेल तर.