होबार्टच्या दोन भावांचा मेटल बँड

महोदय,

एक्स्ट्रीम मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीताचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार, म्हटले की आपले लक्ष युरोप-अमेरिकेकडेच जाते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा ‘सायक्रॉप्टिक’ हा बँड त्यात झाकोळतो, याची खंत वाटते. होबार्ट शहरात १९९९ मध्ये तो सुरू झाला. गिटारवर जो हेली, ड्रमवर त्याचा भाऊ डेव्ह. पहिला अल्बम त्यांनी २००१ मध्ये स्वतःच काढला. २००३ च्या ‘द सेप्टर ऑफ द एन्शंट्स’ने मात्र टेक्निकल डेथ मेटलच्या (याच संगीतातील गुंतागुंतीच्या वादनाच्या शैलीच्या) चाहत्यांना थक्क केले. डेव्हचे ड्रम सुसाट धावत असतानाही जोच्या गिटारचा प्रत्येक सूर सुटा, स्वच्छ ऐकू येतो. मला या बँडचे खरे मोठेपण इथेच दिसते, कारण एवढ्या वेगात सफाई टिकवायला कमालीचा रियाज लागतो. पुढे गायक बदलला, जेसन पेपियट आला, ‘न्यूक्लिअर ब्लास्ट’सारखी बडी जर्मन रेकॉर्ड कंपनी मिळाली. तरी ध्वनिमुद्रणाची सूत्रे प्रामुख्याने जोकडेच राहिली. ‘डिव्हाइन कौन्सिल’ हा अल्बम २०२२ मध्ये आला, तोही तितकाच ताकदीचा. आपल्या संगीतविषयक पानावर अशा बँडना जागा मिळावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक