रॅम्प आहे, पण चढायचा कसा?

मा. संपादक,

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याचे नियम निघाल्यापासून (२०१७) ५ वर्षांत जुन्या सरकारी इमारती सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा करायच्या असं त्यात लिहिलंय, ती मुदत २०२२ मध्येच संपली. माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो. आमच्या तालुक्यातल्या एका ऑफिसात रॅम्प आहे म्हणजे काय, तर पायऱ्यांवर सिमेंट ओतून उतार केलाय, धरायला कठडा नाही आणि वर पोचलं की दारात उंबरठा, दोघांनी मागून ढकलल्याशिवाय जाताच येत नाही. खरं तर १ फूट उंचीला निदान १२ फूट लांब उतार हवा. टॉयलेटचा दरवाजा तर एवढा अरुंद की खुर्ची आत जात नाही, म्हणून तिथं काम असलं की भाऊ सकाळपासून पाणीच पीत नाही, हे बघून फार वाईट वाटतं.

सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नकोत, सक्तीचे करा. माझी मागणी एवढीच की रॅम्पचं बिल पास करायच्या आधी गावातल्याच एखाद्या व्हीलचेअरवाल्याला बोलवा, तो एकटा वर गेला तरच सही करा.

- एक वाचक, सोलापूर जिल्हा