आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: अ‍ॅप आणा, पण त्यामागे माणूस बसवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी अमरावती जिल्ह्यात समुपदेशनाचे काम करतो. नैराश्यावर ‘मोबाईलवर स्वतःच धडे गिरवा आणि बरे व्हा’ अशा कार्यक्रमांची चर्चा हल्ली प्रत्येक बैठकीत निघते. डॉक्टर नाहीत, समुपदेशकांच्या जागा भरत नाहीत, मग अ‍ॅप तरी द्या, असा तो सूर असतो. माझा अ‍ॅपला विरोध नाही. त्या ‘तरी’ला आहे.

हे कार्यक्रम निरुपयोगी नाहीत. २०२१ साली अशा कार्यक्रमांच्या ३९ चाचण्यांमधल्या ९ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. नैराश्य सौम्य असेल तर एकट्याने केलेला कार्यक्रम आणि कुणाच्या तरी सोबतीने केलेला, यात फारसे अंतर दिसले नाही. मध्यम आणि तीव्र नैराश्यात मात्र सोबतीचे पारडे जड ठरले. आणि सरकारी दवाखान्यापर्यंत पोचतो तो माणूस बहुधा सौम्य टप्पा ओलांडूनच आलेला असतो.

ब्रिटनचा अनुभव मुद्दाम पाहावा. तिथे ६९१ रुग्णांना नेहमीच्या डॉक्टरी उपचाराच्या जोडीला असे कार्यक्रम देऊन पाहिले. २०१५ साली निष्कर्ष आले. नुसत्या डॉक्टरी उपचारापेक्षा जास्तीचा फायदा झाला नाही. सगळे धडे पूर्ण करणारे शंभरात वीसही नव्हते. गंमत म्हणजे या रुग्णांना फोन जात होते, पण मुख्यतः तांत्रिक अडचणी सोडवायला आणि ‘चालू ठेवा’ म्हणायला. पुढच्या चाचणीत त्यातल्याच एका कार्यक्रमाला नीट आखलेल्या फोन-संभाषणाची जोड दिली, तेव्हा चौथ्या महिन्याला रुग्णांची स्थिती चांगली दिसली. पुढे तो फरक ओसरला, हेही सांगायला हवे. म्हणजे फोन करायचा तर पासवर्ड विसरलात का एवढे विचारून भागत नाही.

आता आपल्याकडचे चित्र. बाई चाळिशीची, घरात स्मार्टफोन एकच, तो दिवसभर मुलाच्या हातात. ‘आज मनःस्थिती कशी आहे? शून्य ते दहा’ ही सूचना आधी मुलगा वाचतो. रात्री नऊनंतर फोन मिळाला तर ‘मनात आलेला नकारात्मक विचार या चौकटीत लिहा’ असे धड्यात येते. शेजारी नवरा टीव्ही बघतोय. ती काय लिहिणार? आणि नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, तिने ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर दिले, तर पलीकडे ते बघणारे कोण आहे?

उपाय शोधायला लांब जायला नको. शेजारच्या गोव्यात ‘संगात’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. रुग्ण बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांच्यात हेच प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आहे.

तेव्हा असा कोणताही कार्यक्रम राज्यात आणाल, तर त्याच्या खर्चातच दर आठवड्याला फोन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा पगार धरा. ज्यांचे गुण तीव्र गटात येतात त्यांना अ‍ॅपवर न सोडता थेट जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवा. नवव्या प्रश्नाचे उत्तर धोक्याचे आले, तर पडद्यावर नुसता १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दाखवून थांबू नका, तिकडूनच फोन यायला हवा. ‘इतक्या लाख लोकांनी डाउनलोड केले’ हा आकडा जाहीर करताना किती जणांनी शेवटचा धडा पूर्ण केला तोही शेजारी छापा.

आणि कृपा करून हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. द्यायचेच असेल तर प्रशिक्षण द्या, आणि मोबदला किती ते आधी शासन निर्णयात लिहा.

आपला,
एक समुपदेशक, जि. अमरावती